दुधाची नळी आणि क्लोरीनची जागा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गोठा सांभाळणाऱ्यांची आजची मोठी अडचण म्हणजे धार काढायला माणूस मिळत नाही. मुरबाडची एमआयडीसी, वाशिंद-आसनगावकडचे कारखाने आणि कसाऱ्याहून मुंबईकडे जाणारी लोकल यांच्यापुढे पहाटे उठून म्हशीखाली बसण्याची मजुरी टिकत नाही. त्यामुळे दहा-पंधरा म्हशींचा गोठा असला की बादलीचं मिल्किंग मशीन घेण्याचा विचार होतोच. घेताना चौकशी होते ती मोटरची, व्हॅक्यूम पंपाची आणि एका वेळी किती म्हशी पिळता येतील याची. म्हसा यात्रेत जनावर घेताना दात, खूर, कास, सड सगळं हाताने चाचपून बघणारा शेतकरी यंत्राच्या नळीत मात्र डोकावत नाही. धुण्याची रीत बहुतेक ठिकाणी ठरून गेलेली असते: दूध झालं की उकळतं पाणी ओढून घ्यायचं, वास आला तर थोडं क्लोरीन टाकायचं आणि नळ्या खुंटीला अडकवायच्या. या रीतीतली प्रत्येक वस्तू उपयोगाची आहे, पण तिचा क्रम चुकलेला आहे, आणि क्रम चुकला की गरम पाणीही नुकसान करतं आणि क्लोरीनही वाया जातं. नळी आधी स्वच्छ व्हावी लागते. जंतू मारण्याचं काम त्यानंतरचं आहे आणि ते वेगळं आहे. या दोन कामांची गल्लत थांबली, तर संध्याकाळचं दूध फाटण्याच्या बऱ्याच तक्रारी औषधाचा खर्च न वाढवता कमी होतील.

नळीत नेमकं काय चिकटतं हे आधी समजून घ्यायला हवं. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के असतं, आणि प्रथिनं व कॅल्शियमही गाईच्या दुधापेक्षा जास्त. कासेतून दूध निघतं तेव्हा ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि फॅट पातळ असतं. नळी थंड होऊ लागली की हेच फॅट आतल्या भिंतीवर थिजतं, म्हणून नुसतं थंड पाणी फिरवून ते निघत नाही. उलट पहिल्याच फेरीला उकळतं पाणी ओढलं तर दुधातली प्रथिनं, विशेषतः ६० अंशांच्या पुढे, आकार बदलतात आणि रबराला व स्टीलला घट्ट बसतात. दुधाचं भांडं तळाला लागल्यावर घासायला किती त्रास होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. लायनरच्या, म्हणजे सडावर बसणाऱ्या रबरी नळीच्या, आत हात जात नाही, त्यामुळे तिथे बसलेला थर तसाच राहतो. त्यात दुधाचं आणि पाण्याचं कॅल्शियम मिसळलं की काही आठवड्यांत खडबडीत पांढरट कवच तयार होतं. डेअरीतले लोक त्याला मिल्कस्टोन म्हणतात. या खडबडीतपणात जिवाणूंना आसरा मिळतो. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि पुढच्या वेळी ओढलेलं औषध त्या आवरणाच्या वरवरून निघून जातं. म्हणून पहिलं पाणी कोमट हवं, ३५ ते ४५ अंशांचं, आणि ते शेवटची म्हैस झाल्याबरोबर, नळी गार होण्याआधी ओढायला हवं. पुढच्या सगळ्या धुण्याचं यश या पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून आहे. डेअरीला दूध घालून, चहा घेऊन, मग धुवायला बसणं ही सवय कुठल्याही महागड्या पावडरीने भरून निघत नाही.

फॅट आणि प्रथिनं एका स्वभावाची घाण आहे, क्षारांचं कवच दुसऱ्या स्वभावाचं. पहिली अल्कलीने सुटते, दुसरी आम्लाने. आपल्या स्वयंपाकघरात हे पूर्वीपासून होतं: तेलकट भांडी चुलीच्या राखेने घासली जात आणि तांब्या-पितळेचा डाग चिंचेने काढला जाई. राख अल्कधर्मी, चिंच आम्लधर्मी. राखेने चिंचेचं काम होत नाही आणि चिंचेने राखेचं होत नाही. दूध काढण्याच्या यंत्रालाही म्हणूनच दोन्ही लागतात, आणि एकच पावडर रोज वापरून भागतं हा समज सोडून द्यावा लागतो.

इथे एक लांबचा पण अगदी जवळच्या जातीचा दाखला उपयोगी पडेल. मायक्रोब्रुअरीत किंवा परदेशात घरी बिअर बनवणाऱ्यांकडे पिंपातून नळापर्यंत बिअर आणणाऱ्या नळ्या असतात. त्यांत यीस्टचे आणि प्रथिनांचे थर बसतात, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचं कवच धरतं. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची मार्गदर्शिका सांगते की अशा नळ्या दर १४ दिवसांनी अल्कलीने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुवाव्यात. आता दोन्ही द्रव शेजारी ठेवून पाहा. बिअर आंबट असते, तिचा सामू चारच्या आसपास, तिच्यात अल्कोहोल आणि हॉप्सचा कडवटपणा असतो आणि ती थंड ठेवलेली असते. म्हणजे ती स्वतःच जिवाणूंना बऱ्यापैकी रोखते. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास, त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत आणि ते कोमट असतं. जिवाणूंना याहून सोयीचं काही नाही. स्वतःचं रक्षण करणाऱ्या पेयाची नळी दर पंधरवड्याला धुवावी लागत असेल, तर दुधाची नळी प्रत्येक पिळणीनंतर धुवावी लागणार यात अतिशयोक्ती नाही.

मग क्लोरीनचं काय? क्लोरीन चांगलं आहे, स्वस्त आहे, पण ते भोळं आहे: समोर जे सेंद्रिय दिसेल त्याच्याशी ते झुंजतं. नळीत दुधाचा थर असेल तर क्लोरीन त्या थरातच खर्ची पडतं आणि खालचे जिवाणू शाबूत राहतात. शिवाय सकाळी धुवून, क्लोरीन फिरवून नळ्या टांगल्या आणि संध्याकाळी तशाच वापरल्या, तर मधल्या बारा तासांत काय होतं याचा हिशेब करा. उबेत आणि ओलीत जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर वाचलेल्या एकाचे बारा तासांत चोवीस वेळा दुप्पट होऊन कागदावर एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त होतात. प्रत्यक्षात खाद्य संपतं आणि वाढ मंदावते, पण थर शिल्लक असेल तर खाद्य आहेच. जून ते सप्टेंबरात या दोन तालुक्यांत हवाच इतकी ओली असते की टांगलेली नळी वाळत नाही. म्हणून क्लोरीनची योग्य वेळ धुण्यानंतरची नाही, पुढच्या पिळणीच्या आधीची आहे, फार तर अर्धा तास आधी.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. दूध संपताच क्लस्टर, म्हणजे सडांना लावायचा लायनरचा जोड, बाहेरून धुवून घ्या, म्हणजे शेणाचे शिंतोडे आत ओढले जाणार नाहीत. मग कोमट पाण्याच्या बादलीत क्लस्टर बुडवून यंत्राच्या ओढीने पाणी आत घ्या. निघणारं पाणी दुधाळ दिसायचं थांबेपर्यंत हे करा, आणि हे पाणी पुन्हा फिरवू नका. त्यानंतर डेअरीसाठी मिळणारी अल्कली पावडर किंवा द्रव डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात ७० ते ७५ अंशांच्या पाण्यात मिसळा आणि आठ-दहा मिनिटं ओढत राहा. पाणी निवून ४० अंशांच्या खाली गेलं की सुटलेलं फॅट परत भिंतीला बसू लागतं, म्हणून त्याआधी थांबा. वीस-पंचवीस मिनिटं धुतलं तर जास्त स्वच्छ होईल हा अंदाज इथे उलटा पडतो. तापमान हाताने ठरवू नका, साधा काचेचा थर्मामीटर गोठ्यात ठेवा. या फेरीत क्लस्टर सतत पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. मध्येमध्ये वर उचलून हवा आत जाऊ द्यायची, कारण हवा आणि पाणी आलटूनपालटून गेलं की नळीत जो धक्का बसतो तोच आतून घासण्याचं काम करतो. भरलेल्या नळीतून पाणी शांतपणे वाहत राहिलं तर भिंतीजवळचा थर हलत नाही. नंतर साध्या पाण्याने खळखळून घ्या. आठवड्यातून किमान दोनदा, आणि पाणी जड असेल तर रोज एकदा, याच जागी फॉस्फोरिक आम्लावर आधारलेलं डेअरीचं आम्ल फिरवा आणि पुन्हा पाणी घ्या. अल्कलीच्या पाण्याचा सामू ११ ते १२ आणि आम्लाच्या पाण्याचा ३ च्या आसपास असावा. कागदाच्या पट्टीने ते लगेच कळतं, आणि डब्यातलं औषध जुनं झालं आहे का हेही त्यातच कळतं.

ओढीने जे होत नाही ते हाताने करावं लागतं. लायनरचं तोंड, त्याची आतली कड, लायनर जिथे एकत्र जुळतात त्या क्लॉच्या झाकणाखालची खाच, छोट्या दूधनळीचा सांधा आणि बादलीच्या झाकणाचं गॅस्केट या जागी पाण्याचा झोत नीट पोचत नाही. तिथे बारीक ब्रश रोज फिरायला हवा आणि क्लॉ आठवड्यातून एकदा पूर्ण उघडायला हवा. पंपाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत कधी दूध चढलं असेल तर तीही धुवा, कारण तिथलं आंबलेलं दूध कोणाला दिसत नाही आणि वास कुठून येतो हे महिनाभर कळत नाही. धुऊन झालं की नळ्या उतारावर, तोंड खाली करून, जमिनीपासून उंच आणि शेणखाईपासून दूर टांगा. नळीत वाटीभर पाणी साचून राहिलं तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

पुढच्या पिळणीआधीचं क्लोरीनचं पाणी २०० पीपीएमचं करा. सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचं असेल तर एका लिटर पाण्याला ४ मिली, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला ४० मिली. हे पाणी दोन मिनिटं फिरवून पूर्ण निथळू द्या. हायपोक्लोराइट उन्हात आणि उकाड्यात आपली ताकद गमावतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनवर पाच टक्के लिहिलेलं असलं तरी आत तेवढं असेलच असं नाही, म्हणून लहान कॅन घ्या आणि सावलीत ठेवा. रात्रभर नळीत क्लोरीन भरून ठेवणंही बंद करा. त्याने रबर कडक होतं आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात, म्हणजे जिवाणूंची घरं आपणच बांधून देतो.

पाण्याचा जडपणा हा असा विषय आहे की त्याकडे लक्ष दिलं नाही तर वरची सगळी काळजी अपुरी पडते. बोअरचं पाणी अनेकदा जड असतं आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बऱ्याच ठिकाणी ते आणखी जड होतं. हिटरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल किंवा अंगाच्या साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी नळीतही तेच करणार. अशा पाण्यात कपडे धुण्याचा सोडा टाकून यंत्र धुणं स्वस्त वाटतं, पण सोड्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं, आणि ते नळीच्या भिंतीवरच बसतं. डेअरीच्या पावडरीत हे कॅल्शियम धरून ठेवणारे घटक घातलेले असतात, तिच्या जास्त किमतीतला मोठा भाग त्यासाठीच असतो. कपड्यांची किंवा भांड्यांची फेसाळ पावडर तर नकोच: फेसामुळे ओढ बिघडते आणि सुगंध दुधात उतरतो.

एका बाबतीत जराही सूट देता येणार नाही. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद गोठ्यात तो माणसालाही घातक आहे आणि बांधलेल्या जनावरालाही. डेअरीच्या काही अल्कली पावडरींत क्लोरीन असतंच, म्हणून अल्कली आणि आम्ल यांच्यामध्ये साध्या पाण्याची फेरी चुकवायची नाही, दोन्हींची बादली वेगळी ठेवायची, आणि दोन्हींचं सांडपाणी एकाच खड्ड्यात एका वेळी सोडायचं नाही. औषध पाण्यात टाका, औषधावर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. थंड पेयाच्या बाटलीत आम्ल भरून ठेवणं हा लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. संडास धुण्याचं ॲसिड स्टीलला खातं, ते गोठ्यात आणूच नका. ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिकची पावडर लावू नका, कारण कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळतं आणि कॅन आतून खरबरीत होतो. ॲल्युमिनियमसाठी सौम्य पावडर वेगळी मिळते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: दूध शेवटी उकळूनच पितात, मग इतकं कशाला? उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात हे खरं आहे. पण त्यांनी आधी करून ठेवलेलं काम उकळून पुसलं जात नाही. वाढलेली आंबटता तशीच राहते, आणि ती फार वाढली असेल तर उकळतानाच दूध फाटतं. थंडीत वाढणाऱ्या काही जिवाणूंची प्रथिनं आणि फॅट तोडणारी विकरं उकळीतूनही टिकतात, मग दूध कडवट किंवा खवट लागतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं विषही उष्णतेला दाद देत नाही, आणि हाच जिवाणू अस्वच्छ लायनरमधून एका म्हशीच्या सडातून दुसरीच्या सडात जाऊन दगडी पसरवतो. म्हणजे नळीच्या अस्वच्छतेची किंमत गिऱ्हाईक देतंच, पण कासेच्या रूपाने आपणही देतो. मुरबाड-शहापूरचं दूध कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरला घरोघर रतिबाने जात असेल तर मध्ये थंड करण्याची सोय नसते, आणि तिथे हा फरक दुपारपर्यंतच दिसतो.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. हा अन्याय आहे आणि गोठ्यातल्या बादल्यांचा हिशेब सांगताना तो विसरता येत नाही. तरीही हिशेब मांडावा लागेल. एका बादली-यंत्राला प्रत्येक फेरीला दहा लिटरच्या आसपास पाणी पुरतं. एका पिळणीच्या सगळ्या फेऱ्या मिळून चाळीस लिटर होतात, आम्लाच्या दिवशी साठ. शेवटच्या साध्या फेरीचं पाणी फरशी धुवायला वापरता येतं, पहिलं दुधाळ पाणी वैरणीच्या वाफ्यात सोडता येतं. अल्कली आणि आम्लाचं पाणी मात्र विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला जाऊ देऊ नका. पाणी फारच कमी असेल त्या दिवशी आम्लाची फेरी पुढे ढकला, पण कोमट पाण्याची पहिली फेरी आणि अल्कलीची फेरी चुकवू नका. तेवढंही पाणी नसेल तर त्या दिवशी हाताने धार काढणं अधिक शहाणपणाचं. हाताने आतून घासता येणारी एक बादली धुवायला फार पाणी लागत नाही.

चारच म्हशी आहेत, एवढा व्याप परवडणार नाही, असंही म्हटलं जाईल. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचं माझं उत्तर यंत्रविक्रेत्यांना आवडणार नाही: तीन-चार म्हशींसाठी यंत्राने वाचणारा वेळ बराचसा धुण्यात जातो, तेव्हा हात चालत असतील तर यंत्र घेऊच नका. घेतलं तर धुणं कमी म्हशींसाठी कमी होत नाही, कारण नळीची लांबी तेवढीच राहते. वीज जाण्याचाही विचार करून ठेवा. पिळणी झाल्यावर लाइट गेली तर ओढ मिळणार नाही. अशा वेळी क्लस्टर सोडवून कोमट पाणी वरून ओतून, ब्रश फिरवून पहिली फेरी हाताने उरकून घ्यावी, अल्कलीची फेरी वीज आल्यावर करावी.

नळी स्वच्छ आहे हे ओळखायचं कसं? नाकावर विसंबू नका, वास यायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. नळी निथळल्यावर टॉर्च लावून आत बघा. पाण्याचे थेंब मण्यांसारखे लोंबत असतील आणि बोटाला चिकट लागत असेल तर फॅट उरलं आहे, म्हणजे अल्कलीचं पाणी थंड होतं किंवा औषध कमी पडलं. निळसर, इंद्रधनुष्यी झाक असेल तर प्रथिनांचा थर आहे, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा आधी ओढलेल्या उकळत्या पाण्यात सापडतं. खडूसारखा पांढरा थर असेल तर क्षार आहेत, आम्लाच्या फेऱ्या वाढवा. याहून पक्का पुरावा हवा असेल तर मेथिलीन ब्लूची चाचणी करून घ्या. दुधात निळा रंग घालून तो उडायला किती वेळ लागतो ते बघतात: जिवाणू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. कच्च्या दुधाचा रंग पाच तास टिकला तर दूध अतिशय चांगलं, तीन-चार तास टिकला तर चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर वाईट समजतात. एकाच म्हशीचे, एकाच वेळेचे दोन नमुने द्या, एक उकळून घेतलेल्या बाटलीत थेट सडातून आणि दुसरा यंत्राच्या बादलीतून. दोन्हींच्या वेळेत मोठा फरक आला तर दोष म्हशीत किंवा चाऱ्यात नाही, नळीत आहे.

शेवटी रबराबद्दल. लायनर फाटेपर्यंत वापरण्याची पद्धत आहे, पण नायट्राइल रबराचा लायनर साधारण २५०० पिळण्यांनंतर बदलावा असा संकेत आहे. एका क्लस्टरवर दहा म्हशी दोन वेळा पिळल्या जात असतील तर रोजच्या वीस पिळण्या होतात आणि हा आकडा १२५ दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत, गाठला जातो. त्यानंतर रबराची ओढ-सोड सैल होते आणि आतून न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांत ना अल्कली पोचते ना क्लोरीन. बदललेला लायनर फेकण्याआधी ब्लेडने उभा चिरून उघडा आणि आतली बाजू उजेडात धरा. ती गुळगुळीत असेल तर तुमची धुण्याची पद्धत बरोबर चालली आहे. खरखरीत, पांढरट किंवा भेगाळलेली असेल तर पुढचा जोड चार महिन्यांआधीच बदला, दूधनळीचाही एक तुकडा कापून तसाच तपासा, आणि थर घट्ट बसलेला असेल तर ती नळी धुण्याचा प्रयत्न न करता नवी घ्या.